सामानगडाचा उत्कर्ष आणि ऱ्हास

कौटिल्याने दुर्गांचे औदक, पार्वत, धान्वन व वनदुर्ग असे चार प्रकार सांगितले आहेत. पाठशाळेत हे प्रकरण शिकविताना पार्वत दुर्गाच्या उदाहरणासाठी आम्हांस फार दूर जावे लागत नाही. गडहिंग्लजहून चिंचेवाडीच्या वाटेने वर गेले की सामानगड लागतो. आमच्या ह्या सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बोलणाऱ्यांचा तो शेजारी होय.

गडाची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज ह्याने बाराव्या शतकात केली, अशी परंपरा आहे. पुढे तो शिवछत्रपतींच्या स्वराज्यात आला. सेनापती प्रतापराव गुजर जेथे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी धारातीर्थी पडले, ती नेसरीची खिंड ह्याच मुलखात आहे. जांभ्या दगडाची तटबंदी आणि खडकात खोदलेली सात कमानींची पायऱ्यांची विहीर पाहिली म्हणजे जुन्या कारागिरांची जाण ध्यानी येते. शत्रूपेक्षा तहानच गड लवकर घेते, हे त्यांस पक्के ठाऊक होते!

तथापि गडाचे खरे बळ दगडांत नव्हते. राज्याच्या सात अंगांत कौटिल्याने जनपदाला दुर्गाच्या आधी स्थान दिले, ते उगाच नव्हे. गडकरी वंशपरंपरेने पहारा करीत आणि त्याबद्दल मिळालेल्या जमिनींवर त्यांची घरे चालत. गड राखणे म्हणजे त्यांच्या लेखी स्वतःचे शेत राखणेच होते.

हा धागा १८४४ मध्ये तुटला. कोल्हापूरचे छत्रपती तेव्हा अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती होता. त्यांच्या नव्या व्यवस्थेत गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली जाऊ लागल्या. कागदावर ही सुधारणाच असेल. पण ज्याचे वतन जाणार, त्यास ती कशी पटावी? सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बेळगावाहून फौज आली, परंतु तटापुढे तिचे काही चालेना. अखेर मोठ्या तोफा आणाव्या लागल्या आणि १३ ऑक्टोबर १८४४ रोजी हल्ला करून गड घेण्यात आला. बंडाचा वणवा तोवर पन्हाळा आणि सावंतवाडीपर्यंत पसरला होता.

मागाहून सामानगडाची तटबंदी पाडण्यात आली. बंड मोडण्याचा खर्च मात्र कोल्हापूर संस्थानाच्याच माथी बसला.