नगरदृश्यांच्या प्रतिकृती : बेलोत्तो आणि वॉर्सा

चित्राची हाताने केलेली नक्कल हा प्रकार आज दुय्यम मानला जातो. मूळ चित्र अस्सल आणि प्रतिकृती ही त्याची गरीब आश्रित, असा हा समज आहे. अठराव्या शतकातील व्हेनिसमध्ये मात्र तो असा रूढ नव्हता. शहराचे हुबेहूब दर्शन घडविणाऱ्या तैलचित्रांना तेथे ‘वेदूता’ म्हणत आणि युरोपच्या प्रवासाला निघालेले इंग्रज उमराव ती आठवण म्हणून घरी नेत. मागणी इतकी, की या प्रकाराचा अग्रणी आंतोनिओ कानाल ऊर्फ कानालेत्तो (1697–1768) स्वतःच एकेका देखाव्याची अनेकदा पुनरावृत्ती करीत असे. त्याचा आश्रयदाता आणि मध्यस्थ जोसेफ स्मिथ याच्या संग्रहातील चित्रांवरून विसेंतीनी याने ताम्रपटावर खोदलेली मुद्रिते 1735 मध्ये प्रसिद्ध झाली आणि ज्यांनी मूळ चित्र कधी पाहिले नव्हते अशा चित्रकारांनाही कानालेत्तोची रचना हाती आली. या मुद्रितांत रेषा होत्या, रंग नव्हते. त्यामुळे त्यांवरून रंगविलेल्या व्हेनिसमध्ये इमारती जागच्या जागी असत. पाण्याचा हिरवा आणि संध्याकाळचा पिवळा मात्र नकलाकाराच्या अंदाजाचा असे.

नगरदृश्याची नक्कल ही व्यक्तिचित्राच्या नकलेहून वेगळी परीक्षा घेते. चेहऱ्यात भाव पकडावा लागतो. येथे खिडक्या मोजाव्या लागतात. मूळ चित्रावर चौकटींचे जाळे कल्पून तेच जाळे नव्या कापडावर आखावयाचे आणि एकेका चौकटीतील रेषा उतरवून घ्यावयाच्या, ही जुनी रीत. यथादर्शनाच्या रेषा जेथे मिळतात तो बिंदू केसभर सरकला, तर सगळा रस्ता कलंडतो. चीनमधील शेन्झेनजवळच्या दाफेन गावात 1989 नंतर तैलचित्रांच्या नकलांचा जो प्रचंड व्यवसाय उभा राहिला, त्यातही कारागिराचा हात आणि डोळा यांना पर्याय नव्हता.

या परंपरेतील सर्वांत विलक्षण कथा कानालेत्तोच्या भाच्याची आहे. बेर्नार्दो बेलोत्तो मामाच्या चित्रशाळेत शिकला आणि पुढे मामाचेच नाव लावून चित्रांवर सह्या करू लागला. मध्य युरोपात आजही पुष्कळांना ‘कानालेत्तो’ म्हणजे तोच वाटतो. 1747 साली तो ड्रेस्डेनला गेला आणि सॅक्सनीच्या इलेक्टरचा, जो पोलंडचाही राजा होता, दरबारी चित्रकार झाला. इलेक्टरसाठी त्याने ड्रेस्डेन आणि पिर्ना या शहरांची भव्य दृश्ये रंगविली. राजाचा मंत्री ब्र्यूल यालाही तशीच चित्रे हवी होती; राजाकडे जे आहे ते मंत्र्याकडे का नसावे? बेलोत्तोने मोठ्या आकारातच ती पुन्हा रंगविली. यांना नकला म्हणावे की मूळ? हात तोच, शहर तेच. फक्त मालक दुसरा. पुढे युद्ध आले. 1760 मध्ये प्रशियाच्या तोफांनी ड्रेस्डेन भाजून काढले आणि त्यात बेलोत्तोचे घरही गेले. 1763 मध्ये ब्र्यूल वारला. त्याच्या वारसांनी चित्रांचे पैसे देण्याचे नाकारले आणि 1768 मध्ये ती रशियाच्या कॅथरिनला विकून टाकली. चित्रकाराच्या पदरी काही पडले नाही.

आश्रय शोधीत निघालेला बेलोत्तो 1767 च्या सुमारास वॉर्साला थांबला आणि कायमचाच राहिला. राजा स्तानिस्लाव आउगुस्त याच्या महालातील एका दालनासाठी 1770 ते 1780 या काळात त्याने वॉर्साची दृश्ये रंगविली. राजाच्या भेटीची वाट पाहणाऱ्यांनी त्यांच्यासमोर ताटकळत बसावयाचे, अशी योजना होती. रस्त्यावरचा चिखल, भिकारी, बग्ग्या, दुकानांच्या पाट्या, निम्मे बांधून झालेले वाडे असे सारे त्यांत आहे. 1780 मध्ये बेलोत्तो वॉर्सातच वारला. चित्रांना मात्र स्वस्थता लाभली नाही. 1832 मध्ये झारने ती रशियात नेली. 1921 च्या रिगा तहानंतर ती परतली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी लुटून नेली आणि युद्ध संपल्यावर पुन्हा आली.

परतली तेव्हा त्यांत रंगविलेले शहर उरले नव्हते. 1944 च्या 63 दिवसांच्या उठावानंतर जर्मन सैन्याने वॉर्सा पद्धतशीरपणे, इमारतीमागून इमारत, उद्ध्वस्त केले. 1945 च्या प्रारंभी राजधानीच्या पुनर्बांधणीचे कार्यालय स्थापन झाले आणि यान झाखवातोविच यांच्यासारख्या वास्तुविशारदांनी जुने शहर जसेच्या तसे उभारण्याचा ध्यास घेतला. केवळ चित्रांवरून शहर बांधले, ही गोष्ट सांगावयास सोपी. पण ती पुरती खरी नाही. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घेतलेली मोजमापे जिवावर उदार होऊन लपवून ठेवली होती आणि छायाचित्रेही होती. तरी जेथे ही साधने मुकी होती, किंवा जेथे एकोणिसाव्या शतकातील फेरफार पुसून त्यापूर्वीचे रूप आणावयाचे होते, तेथे बेलोत्तोला साक्षीला बोलावण्यात आले. ब्रानित्स्की वाड्याच्या माथ्यावरील शिल्पे अशीच त्याच्या चित्रावरून पुन्हा घडविली गेली.

अडचण अशी, की हा साक्षीदार सर्वस्वी निःस्पृह नव्हता. तो छायापेटीच्या साहाय्याने रेषा टिपत असे. पण चित्रफलकावर प्रमाणे सावरीत असे आणि एखादी इमारत अधिक डौलदारही करीत असे. 1764 मधील राजाच्या निवडीचे भव्य दृश्य त्याने दोनदा रंगविले, आणि तो प्रसंग घडला तेव्हा तो वॉर्सात नव्हताच. म्हणजे आजच्या वॉर्सातील काही दर्शनी भिंती 1939 च्या शहराशी नव्हे, तर 1770 च्या दशकातील एका व्हेनिशियनाच्या आवडीशी प्रामाणिक आहेत. यावर शुद्धतेच्या पुरस्कर्त्यांनी नाक मुरडले, तर त्यांना सर्वथा दोष देता येणार नाही. परंतु ज्यांचे शहर हेतुपूर्वक पुसून टाकण्यात आले, त्यांना शंकेची चैन परवडणारी नव्हती.

मराठी वाचकाला येथे अजिंठ्याची आठवण होईल. रॉबर्ट गिल याने केलेल्या तेथील चित्रांच्या तैलप्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून केलेल्या प्रतींपैकीही अनेक 1885 च्या आगीत भस्मसात झाल्या. अजिंठ्यात प्रती गेल्या आणि मूळ उरले. वॉर्सात मूळ शहर गेले आणि चित्र उरले.

वॉर्साचे जुने शहर 1980 मध्ये जागतिक वारसायादीत गेले. सुरुंग लावून उडविलेला राजवाडा 1971 नंतर पुन्हा बांधण्यात आला आणि बेलोत्तोची 22 दृश्ये तेथे आपल्या दालनात टांगली आहेत. दालन नवे आहे, चित्रे जुनी. बाहेर क्राकोव्स्के प्शेदमिएश्च्ये या रस्त्यावर, जेथून त्याने दृश्य घेतले त्या त्या ठिकाणी, त्याच्या चित्रांच्या छापील प्रती काचेत मढवून ठेवल्या आहेत. जाणारे-येणारे थांबतात, चित्राकडे पाहतात, मग मान वर करून समोरच्या वाड्याच्या खिडक्या मोजू लागतात.