छिद्र नव्हे, रंध्र

जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत मराठी मुलंही 'इलेक्ट्रोपोरेशन'च म्हणतात आणि त्यांचं काम भागतं. पण हीच गोष्ट शाळकरी वाचकाला मराठीत सांगायची, तर शब्द हवा. आणि तो निवडायचा तर आधी पेशीत घडतं काय ते पाहायला हवं.

पेशीचं पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड, स्निग्ध रेणूंच्या दुपदरी थराचं. ते वीज सहजी वाहू देत नाही. म्हणून पेशी विद्युतक्षेत्रात ठेवली की आयन पटलाच्या दोन्ही अंगांना साचतात आणि सारा ताण या पातळ थरावर येतो. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीला दर सेंटिमीटरला १००० व्होल्टचं क्षेत्र दिलं, तर तिच्या दोन टोकांशी पटलावर सुमारे दीड व्होल्टचा ताण पडतो. एरवी तो व्होल्टच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. अशा ताणाखाली स्निग्ध थरात पाणी घुसतं नि सूक्ष्म वाटा उघडतात. झटका क्षणिक आणि बेताचा असेल, तर त्या पुन्हा मिटतात, पेशी जगते. याच वाटांनी एबरहार्ड न्यूमान आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदराच्या पेशींत जनुक पोचवलं.

शब्दाचे दोन्ही तुकडे मूळचे ग्रीक. 'इलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर. तो घासला की काडीकचरा ओढतो, आणि संस्कृतने तर त्या गुणावरूनच त्याला 'तृणमणी' म्हटलं! आपली वीज मात्र चमकण्यातून आली: विद्युत्, प्राकृतात विज्जु, मग वीज. 'पोरोस' म्हणजे वाट, पलीकडे जाण्याची जागा. मुळात त्यात भोक पाडणं नाही, जाणं आहे.

इथेच 'छिद्र' मला खटकतं. त्याच्या मुळाशी 'छिद्' म्हणजे कापणं. शिवाय 'छिद्रान्वेषी'मुळे त्याला दोषाचा वास लागला आहे. 'रंध्र'लाही संस्कृतात उणिवेचा अर्थ आहे, पण मराठीने तो मागे टाकला. आपल्याला रंध्र भेटतं ते नासारंध्रात, रोमरंध्रात आणि जीवशास्त्राच्या पुस्तकातल्या पर्णरंध्रात. पर्णरंध्र उघडतं आणि मिटतं. पटलातल्या वाटाही तशाच. पेशीची रचना आणि तिचं जगणं दोन्ही सांभाळणारा असा शब्द आयता असताना दुसरा शोधण्याची गरज नाही.

तेव्हा 'विद्युतरंध्रण' म्हणावं. झटका जबर असेल, तर रंध्रं मिटत नाहीत आणि पेशी मरते. यकृतातली काही अर्बुदं न जाळता नष्ट करायला डॉक्टर हेच वापरतात. त्याला पुस्तकी 'अपरिवर्तनीय' विशेषण लावण्यापेक्षा 'न मिटणारं रंध्रण' म्हटलं, तर रुग्णाच्या घरच्यांनाही कळेल. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनी आणि रुग्णांसाठी माहितीपत्रकं काढणाऱ्यांनी हा शब्द वापरून पाहावा.