रानातली टोपली आणि आपले स्वयंपाकघर

वसईपासून डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घराच्या चुलीचा इतिहास सांगावयाचा झाला, की तो बहुधा समुद्रापासून सुरू होतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यांच्या गलबतांतून अमेरिका खंडातील मिरची, काजू, पेरू, पपई आणि अननस आपल्या देशात आले. १७३९ च्या आरंभी केळवे-माहीम व तारापूर आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला. पोर्तुगीज गेले, मिरची मात्र राहिली. हा इतिहास खरा आहे आणि तो आपण आपल्या मुलांना आवडीने सांगतो. परंतु तो अर्धाच आहे, असे आम्हांस वाटते. या चुलीला आणखी एक वाट येऊन मिळाली होती. ती डोंगरातून उतरणारी पायवाट होती आणि तिच्यावरून येणाऱ्या बाईच्या डोक्यावर टोपली होती.

ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात कांडला जाणारा बाटली मसाला घ्या. त्याचा लाल रंग मिरचीचा, म्हणजे समुद्रमार्गे आलेला. पण त्याचा सुगंध पाहू गेल्यास त्यात दगडफूल आहे, तमालपत्र आहे, नागकेसर आहे, तिरफळ आहे. दगडफूल हिमालयाच्या व सह्याद्रीच्या रानांत खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढते. तमालपत्र उत्तरेकडील हिमालयाच्या पायथ्याच्या अरण्यांतून येते. तिरफळाचे काटेरी झाड कोकणच्या रानातले. यांपैकी बरेच काही आजही डोंगरात राहणारी माणसेच गोळा करून आणतात. ज्या मसाल्याला आपण आपल्या समाजाची खूण मानतो, त्याच्यावर रानाचे एवढे ऋण आहे.

हे ऋण पाहण्यासाठी हिमालयात जाण्याचे कारण नाही. पालघर तालुक्यातील माकुणसार घ्यावे. हे गाव सफाळे-केळवे परिसरातील. पश्चिमेला खाडी व समुद्र, तर पूर्वेला तांदुळवाडीचा डोंगर. किनाऱ्याकडे वाड्या, भातशेती आणि मासळी; डोंगराकडे आदिवासींचे पाडे. या दोहोंमध्ये पिढ्यानपिढ्या देवघेव होत आली. उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदे, तोरणे व जांभळे खाली येत. पाऊस पडताच टाकळा, कुर्डू, कवळा, पुढे करटोली व बांबूचे कोवळे कोंब येत. आजही पावसाळ्याच्या तोंडी सफाळे, पालघर, विरार, वसई येथील बाजारांत या भाज्यांच्या जुड्या मांडलेल्या दिसतात.

या सर्वांत मानाची भाजी शेवळाची. पहिल्या सरींच्या सुमारास जमिनीतील कंदातून त्याचा फुलोरा वर येतो आणि काही आठवड्यांतच हंगाम संपतो. ही भाजी नीट न केल्यास घशाला भयंकर खाज सुटते, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून वरचे आवरण सोलावे लागते, आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाकावा लागतो आणि काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळे ठेचून त्यांचा रस घालून भाजी शिजवावी लागते. शेवळे विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडे देते, ती यासाठीच. मग कोणी त्यात सोडे घालतो, कोणी कोलंबी, कोणी खिमा. कडूकंदाचीही तीच गोष्ट. चकत्या करून उकडणे, राख लावणे, वाहत्या पाण्यात ठेवणे असे सोपस्कार झाल्यावाचून तो खाण्याजोगा होत नाही. ज्या फळाने खाज जाते ते त्याच रानात आहे, हे प्रथम कोणाला उमगले? त्या शोधकाचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही.

ग्रंथांचीही एक गंमत आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानातील औषधी व मसाल्यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि युरोपभर गाजला. त्या संवादांत मधूनमधून अंतोनिया नावाच्या दासीला हाक मारली जाते आणि ती एखादी वनस्पती वा फळ आणून पुढे ठेवते. ग्रंथकाराचे नाव उद्यानांना मिळाले. अंतोनियाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

टोपली वाहणाऱ्यांवर संकटेही फार आली. १८७८ च्या वनकायद्याने सरकारने जंगलावर आपला हक्क पक्का केला. भाताच्या राबासाठी झाडांच्या फांद्या तोडणेही अडचणीचे झाले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला, की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने याच दोन जिल्ह्यांत मोहफुलांवर निर्बंध आले. सरकारला त्यात दारू दिसली. रानातल्या माणसाला मात्र ते टंचाईच्या दिवसांतले अन्न होते. सावकार, जमीनदार आणि जंगल ठेकेदार यांच्या वेठीविरुद्ध १९४५ साली वारली उठले, ते याच भागात. रानातील गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क कायद्याने स्पष्टपणे मान्य झाला, तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्या शतकाहून अधिक काळात आपल्या घरी शेवळे येत राहिली. ती आणणारी बाई कोणत्या भयातून वाट काढून आली, हे आपण विचारले नाही. भाव मात्र घासाघीस करून पाडला.

आज रस्ते, रेल्वे आणि वसाहती डोंगराच्या पायथ्याला भिडल्या आहेत. रानभाजीला शहरात मागणी वाढली, ही चांगली गोष्ट. पण शेवळाचा फुलोराच खुडला जातो, म्हणून त्याला बी धरत नाही आणि पुढच्या वर्षाची सारी आशा जमिनीतल्या कंदावर राहते. कोठे खुडावे आणि कोठे राखावे, हे पाड्यावरच्या वृद्ध स्त्रीला ठाऊक असते. तिची नात शाळेत जाते, हे योग्यच आहे. परंतु शाळेच्या पुस्तकात काकडाचे झाड नाही.

आपल्या घराघरांत मसाल्याच्या याद्या जुन्या वह्यांत लिहून ठेवलेल्या आहेत. आजीचे प्रमाण नातसुनेकडे जाते, ते त्या वहीमुळे. त्याच वहीत एक पान रानभाज्यांसाठी राखावे, असे आम्ही सुचवितो. टोपलीवालीला भाजीचे नाव विचारावे, ती कशी सोलावी, कशाबरोबर शिजवावी हे विचारावे, आणि तिची हरकत नसेल तर तिचे व तिच्या पाड्याचे नावही तेथे लिहावे. ती सांगेल तो भाव न घासता द्यावा. तिने दिलेल्या काकडांचे मोल आपण आजवर कधीच मोजलेले नाही.