दोनशे अठ्ठावीस माणसांतलं एक नाव : कमल दोंदे



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या जाफराबाद तालुक्यात शाळेत, ग्रामपंचायतीत झेंडा लागतो. मराठवाडा मुक्तिसंग्रामात लढलेल्यांची नावं घेतली जातात. ती घेतलीच पाहिजेत. पण प्रत्येक लढ्यात हातात बंदूक नसलेली माणसंही मरतात. कुणी रस्त्यावर, कुणी शेतात, कुणी स्वतःच्या दारात. नंतर कागदावर त्यांचा फक्त एक आकडा उरतो. आज अशाच एका आकड्यातल्या बाईची गोष्ट ऐकू या. तिचं नाव कमल दोंदे.

गोष्ट मुंबईची आहे, १९४६ सालच्या फेब्रुवारीतली. देश अजून इंग्रजांच्या ताब्यात होता. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. रेशनच्या दुकानांपुढे रांगा होत्या, धान्य महाग होतं. कुलाब्याला ‘तलवार’ नावाचं नौदलाचं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथल्या आपल्या खलाशांना निकृष्ट जेवण मिळायचं, डाळीत खडे निघायचे. वर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या. पगार गोऱ्या खलाशांपेक्षा कमी. १८ फेब्रुवारीला या खलाशांनी ठरवलं, चांगलं जेवण नाही तर काम नाही.

भांडण ताटापासून सुरू झालं, पण ताटापुरतं राहिलं नाही. दोन-तीन दिवसांत सत्तरहून जास्त जहाजं आणि सुमारे २० हजार खलाशी संपात उतरले. जहाजांवरचे इंग्रजांचे झेंडे उतरले. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट, तिन्ही पक्षांचे झेंडे शेजारी शेजारी चढले. संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग. एक मुसलमान, एक शीख, आणि दोघांचं म्हणणं एकच.

२१ तारखेला लष्कराने खलाशांना वेढलं, गोळीबार झाला. खलाशांची रसद तुटली. तेव्हा मुंबईच्या लोकांनी काय केलं? ते गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर पाव, दूध, फळं घेऊन गेले. दुकानदारांनी सामान दिलं. जहाजांवरून लहान होड्या आल्या आणि ते अन्न घेऊन गेल्या. उपाशी माणसाला घास पोचवणं हेच तिथल्या लोकांचं उठावातलं पहिलं काम होतं. त्याच दिवशी इंग्रज नौसेनापती गॉडफ्रे याने रेडिओवरून धमकी दिली, की सगळं नौदल नष्ट झालं तरी चालेल, पण संप मोडू.

दुसऱ्या दिवशी, २२ फेब्रुवारीला, मुंबई बंद झाली. बंदची हाक कम्युनिस्ट पक्षाने दिली होती. काँग्रेस आणि लीगचे मोठे नेते या बंदच्या विरोधात होते. खलाशांनी शरण जावं, असं वल्लभभाई पटेलांचं सांगणं होतं. तरी गिरण्या थांबल्या आणि लाखो कामगार रस्त्यावर आले. सरकारने शहरात लष्कर उतरवलं. गिरणगावात सैनिकांचे ट्रक फिरू लागले आणि गोळ्या सुटल्या.

गिरणगाव म्हणजे परळ, लालबागचा भाग. कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसांच्या चाळी तिथे होत्या. १९४३ साली तिथे परळ महिला संघ उभा राहिला होता. आपल्या बचत गटासारख्याच चाळीतल्या बाया त्यात एकत्र यायच्या. कमल दोंदे या संघाच्या कार्यकर्त्या होत्या, कम्युनिस्ट पक्षाचंही काम करायच्या. २२ फेब्रुवारीला परळमध्ये झालेल्या गोळीबारात त्या मारल्या गेल्या. त्यांच्या सोबतच्या कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. याच संघाच्या अहिल्या रांगणेकर थोडक्यात वाचल्या. कमल दोंदे नौदलात नव्हत्या आणि त्यांच्याकडे शस्त्रही नव्हतं. त्या आपल्याच वस्तीत, आपल्याच सोबतिणींबरोबर होत्या.

२३ तारखेला सकाळी खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली. शहरातला गोळीबार मात्र लगेच थांबला नाही. त्या दिवसांत मुंबईत २२८ नागरिक मेले आणि १,०४६ जखमी झाले, असा सरकारी आकडा आहे. आज कुलाब्यात या उठावाचं स्मारक आहे. तिथे खलाशाचा पुतळा आहे. नौदलाने आपल्या दोन बोटींना मदनसिंग आणि बी. सी. दत्त या उठावातल्या खलाशांची नावंही दिली. चांगलं झालं. पण ते २२८? त्यांतली बहुतेक नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येणार नाहीत.

मग कमल दोंदे हे नाव कसं टिकलं? त्यांच्या सोबतिणींनी ते सांगणं सोडलं नाही, म्हणून. अहिल्याबाई पुढे महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्चात मृणाल गोरेंच्या बरोबरीने पुढे होत्या, १९७७ साली खासदार झाल्या. त्यांची संघटना वाढली आणि बायांच्या सभांत कमलचं नाव घेतलं जात राहिलं. ज्या मेलेल्या माणसामागे अशी संघटना नव्हती, ते माणूस आकड्यात गेलं.

दूर देशातही असंच घडलं आहे. आयर्लंड हा इंग्लंडच्या शेजारचा देश, तोही इंग्रजांच्या ताब्यात होता. १९१६ च्या एप्रिलमध्ये तिथे डब्लिन शहरात उठाव झाला. त्यात पाचशेच्या आसपास माणसं मेली, निम्म्याहून जास्त साधे नागरिक. त्यांतले एक होते फ्रान्सिस शीही-स्केफिंग्टन. ते बंदुकीच्या विरोधातले, बायांना मताचा हक्क मागणारे. उठावाच्या गोंधळात दुकानांची लूट थांबवायला ते बाहेर पडले होते. इंग्रज सैनिकांनी त्यांना पकडलं आणि दुसऱ्या दिवशी, २६ एप्रिलला, खटला न चालवता गोळ्या घातल्या. त्यांची बायको हॅना गप्प बसली नाही. सरकार भरपाईचे पैसे द्यायला तयार होतं, ते तिने नाकारले. तिने चौकशी मागितली आणि ती करायला लावली. मग अमेरिकेत जाऊन गावोगाव भाषणं करून सांगितलं, माझ्या नवऱ्याला असं मारलं. आज ते नाव माहीत आहे, ते तिच्यामुळे.

आता आपल्याकडे येऊ. जाफराबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. वर वऱ्हाडाची सीमा. रझाकारांच्या भीतीने सीमेवरची कितीतरी कुटुंबं रातोरात मुलंबाळं घेऊन पलीकडे गेली. मराठवाड्यात रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. मग सप्टेंबर १९४८ मध्ये भारताचं सैन्य आलं, निजामाचं राज्य गेलं आणि आपण सुटलो. पण त्यानंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी साधी मुसलमान माणसं मारली गेली, हेही खरं आहे. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांचा अंदाज होता २७ ते ४० हजार बळींचा. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढे आला नाही.

मैत्रिणींनो, हे सांगताना कोणाचा हिशेब चुकता करायचा नाही. रझाकारांनी मारलेला शेतकरी आणि नंतर मारला गेलेला विणकर, दोघांच्याही घरी रडणारी बाईच होती. एकाचं नाव घ्यायचं आणि दुसऱ्याचं गिळायचं, असं आपल्या गटाने करू नये.

म्हणून एक काम सुचवते. गटाच्या पुढच्या बैठकीत एक वेगळी वही घाला. तेव्हा दहा वर्षांची असलेली पोर आज थकलेली आजी आहे. अशा आजीजवळ बसा, कोणत्याही समाजाची असो. विचारा, त्या साली आपल्या गावातलं कोण गेलं? माणसाचं नाव, त्याला हाक कशी मारायचे, घर कोणत्या आळीत, शेतात तेव्हा कोणतं पीक उभं होतं, हे लिहा. तारीख आठवत नसेल तर पिकावरून महिना कळतो. सांगणारीचं नावही लिहा, पण तिला विचारून. दोघींनी दोन तऱ्हेने सांगितलं तर दोन्ही लिहून ठेवा, खोडू नका. आजीला बोलायचं नसेल तर आग्रह करू नका, नुसतं शेजारी बसा.

बचतीच्या वहीत आपण एका रुपयाचीही नोंद ठेवतो. माणसाची नोंद ठेवणं आपल्याला काही जड नाही.

वहीत पहिलं नाव लिहिलंत की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.