पत्र शहजाद्याला, पत्ता दुर्गादासांचा

ईमेलवर दिसणारं प्रेषकाचं नाव पाठवणाराच लिहितो. १९८२ च्या मूळ नियमांत ते पडताळायची सोयच नव्हती. म्हणून कणकवलीत कुणालाही स्वतःच्याच पत्त्यावरून धमकी येऊ शकते.

औरंगजेबाने ही युक्ती उलटी वापरली. जानेवारी १६८१, अजमेरजवळ. बंडखोर शहजादा अकबराला त्याने पत्र लिहून राजपुतांना जाळ्यात आणल्याबद्दल शाबासकी दिली. प्रेषक खरा, पत्ता खोटा! पत्र मुद्दाम दुर्गादास राठोडांच्या हाती पडू दिलं. ते खात्री करायला गेले, तर शहजादा झोपलेला; कुणी उठवेना. रातोरात राजपूत निघून गेले.

कपट कळल्यावर मात्र याच दुर्गादासांनी अकबराला कोकणात संभाजीराजांकडे आणलं. (हिंदू-मुस्लिम असा हिशेब मांडणाऱ्यांची इथे पंचाईत होते.) १६८७ मध्ये तो राजापूरहून जहाजाने इराणकडे गेला.