शिवारात जाताना छोटं फावडं न्यावं की नको?



पीक बघायला निघताना घडीचं छोटं फावडं सोबत घ्यावं की नको, हा प्रश्न दिसायला साधा. खिशात फोन, हातात पाण्याची बाटली, त्यात आणखी किलोभर लोखंड कशाला, असं आपण म्हणतो आणि फावडं गोठ्यातच राहतं. सल्ला द्यायला येणारी मंडळीही बहुतेक वेळा मोकळ्या हातानं येतात. मग जमिनीच्या वर दिसतं तेवढंच बघितलं जातं.

हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी जगभरच्या फौजांपुढं होता. तिथं चुकीच्या उत्तराची किंमत जिवानं मोजावी लागली. म्हणून तो इतिहास आपल्याही कामाचा आहे.

तसं हे ओझं जुनंच. रोमन शिपाई हत्यारांबरोबर कुदळ, करवत आणि टोपली घेऊन चालायचा. मुक्काम पडला की खंदक खणायचा आणि मग झोपायचं. कॉर्ब्युलो नावाचा त्यांचा एक सेनापती तर म्हणायचा, की शत्रूला हरवायचं खरं हत्यार कुदळच. पुढं बंदुका आल्या. त्या तोंडाकडून ठासून भरायच्या असल्यामुळं शिपायाला उभं राहावं लागे. खणायची अवजारं बहुतेक वेगळ्या तुकडीकडं आणि गाड्यांवर गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून काडतूस भरायच्या बंदुका सगळीकडं पसरल्या आणि हिशोब बदलला. आता माणूस आडवा पडून भराभर गोळ्या झाडू लागला. उघड्यावर उभा राहणारा मरायचा, मातीआड बसणारा वाचायचा. हे ओळखून डेन्मार्कच्या लिनेमान नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १८६९ साली एका छोट्या फावड्याचं पेटंट घेतलं. जेमतेम हातभर लांब, कमरेला अडकवता येईल असं. आडवं पडूनही माती ओढता यावी, हा त्यातला मुद्दा. ऑस्ट्रियासारख्या देशांनी ते लवकर उचललं.

रशियाला मात्र धडा मिळाला तो १८७७ साली प्लेव्हना इथं, म्हणजे आजच्या बल्गेरियात. उस्मान पाशाच्या तुर्की फौजेनं गावाभोवती मातीचे बुरूज आणि खंदक उभारले होते. रशियन फौज एकामागून एक हल्ले करून हजारो माणसं गमावत होती. सप्टेंबरातल्या तिसऱ्या मोठ्या हल्ल्यात जनरल स्कोबेलेव्हच्या माणसांनी दोन बुरूज जिंकले. जिंकलेली जागा टिकवायची तर रातोरात खंदक हवा होता आणि फावडी पुरेशी नव्हती. शिपायांनी संगिनींनी माती उकरली, जेवणाच्या डब्यांनी उपसली. कुमक आली नाही, आडोसा अपुरा राहिला आणि दुसऱ्या दिवशी ती जागा सोडावी लागली. अखेर हल्ले थांबवून वेढा घातला गेला आणि उपासमारीनंतर डिसेंबरात प्लेव्हना पडलं. त्यानंतर रशियानं लिनेमानचं फावडं स्वीकारलं. पुढच्या सोव्हिएत फावड्याच्या नावातच ५० हा आकडा होता, कारण त्याची लांबी ५० सेंटिमीटर. शिपाई त्याचा मोजपट्टीसारखाही वापर करत.

आता उलटी गोष्ट. फावडं न्यायचं ठरलं, पण भलतंच फावडं निवडलं तर काय होतं?

कॅनडाचे संरक्षणखात्याचे मंत्री सॅम ह्यूज यांनी पहिल्या महायुद्धासाठी २५,००० फावड्यांची मागणी नोंदवली. १९१३ चं ते पेटंट त्यांच्या सचिव इना मॅकअ‍ॅडम यांच्या नावावर होतं. कल्पना अशी की एकच वस्तू फावडंही होईल आणि ढालही. म्हणून पातं जाड केलं आणि त्यातून बंदुकीनं नेम धरायला एक भोक ठेवलं. झालं काय? वजन दोन किलोंच्या वर गेलं. अडकवायची नीट सोय नाही. माती भरली की भोकातून गळायची आणि ढाल म्हणून पुढं धरलं तर गोळी आरपार जायची. शेवटी सगळा माल भंगारात गेला. दोन कामं एकात बसवायच्या नादात एकही काम धड झालं नाही. आपल्या गावच्या दुकानात ‘दहा कामं एका हत्यारात’ म्हणून जे विकायला येतं, त्याकडं बघताना हे फावडं आठवावं.

ब्रिटिश फौजेनं १९०८ मध्ये वेगळा मार्ग काढला. एका बाजूला कुदळीचं टोक, दुसऱ्या बाजूला पातं आणि दांडा वेगळा. डोकं पिशवीत मागं, दांडा संगिनीच्या म्यानाला. चालताना हात मोकळे. पण लांबलचक खंदक मात्र मोठ्या फावड्या-टिकावांनीच खणले गेले. छोटं हत्यार होतं ते गोळीबारात सापडल्यावर पहिला आडोसा करण्यापुरतं.

या इतिहासात आपली माणसंही आहेत. १९१५ च्या डिसेंबरात इराकमधल्या कुत इथं सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. शेतकरी घरातली पोरं तैग्रिस नदीच्या गाळाच्या मातीत खंदक खणत होती. जानेवारीत नदीला पूर आला आणि पुढचे खंदक पाण्यात गेले. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीमुळं शरणागती पत्करावी लागली. गाळाची जमीन खणायला सोपी, पण पाणी चढलं की ती कुणाचीच नसते, हे नदीकाठच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

घडीचं फावडं आलं ते १९३८ च्या सुमारास जर्मनीत. त्यावरून अमेरिकेनं १९४३ चं आपलं फावडं बनवलं. सरळ केलं तर फावडं, काटकोनात अडकवलं तर कुदळ. आज बाजारात मिळणारी बरीचशी घडीची फावडी याच घराण्यातली.

जर्मनीतच योहानेस गोर्बिंग या मृदातज्ज्ञानं फावड्यानं मातीचं निदान करायची पद्धत रुजवली. मातीची वडी अखंड काढायची, हातानं फोडायची, ढेकळं कशी फुटतात आणि मुळं कुठं अडतात ते बघायचं. ब्रूस बॉल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत याच तऱ्हेनं मातीला १ ते ५ गुण देतात. १ म्हणजे भुसभुशीत, ५ म्हणजे घट्ट.

आता आपल्या बांधावर येऊ. ऊस पिवळा पडला. लोहाची कमतरता, साचलेलं पाणी, हुमणी की नांगराच्या तळाखालचा कडक थर? वरून चारही सारखेच वाटू शकतात. वीतभर खणलं की हुमणीची अळी दिसते, आडवी वळलेली मुळं दिसतात, कुजका वास येतो. सोयाबीनच्या मुळावरची गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी निघाली, तर नत्राचं काम चालू आहे. न खणता फवारणी केली तर पैसा पानावर जातो आणि रोग मुळाशी राहतो.

म्हणून माझं मत असं. नुसती मोटार चालू करायला किंवा वैरण आणायला निघालात तर फावडं राहू द्या. पीक बघायला किंवा दुसऱ्याला सल्ला द्यायला निघालात तर न्याच. किलोभराच्या आसपास वजन, कमरेला किंवा गाडीला कायम अडकवलेलं आणि बिजागरी घट्ट, एवढं बघा. घडीची बिजागरी सैल असेल तर त्यापेक्षा आपलं आखूड दांड्याचं साधं फावडं बरं. पात्यावर २० सेंटिमीटरची खूण करून ठेवा, खोली मोजायला उपयोगी पडते. फळबागेचा खोल खड्डा मात्र पहार-टिकावानंच घ्या. आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना घेताना गंजकं लोखंड लावू नका, खड्ड्याच्या कडेची माती लाकडी पट्टीनं खरवडून घ्या.

येत्या फेरीत पिवळ्या जागी एक आणि हिरव्यागार जागी एक, असे दोन खड्डे घ्या. शेजारी शेजारी ठेवून दोन्ही वड्या फोडून बघा. काय फरक दिसला ते नक्की कळवा.