आहत नाणी

ठराविक वजनाची भारतातील सर्वांत जुनी नाणी. काळ साधारणपणे इ.स.पू. सहावे ते दुसरे शतक. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापत, कोपरे छाटून वजन जुळवत आणि मग एकेक चिन्ह वेगवेगळ्या ठशाने ठोकत. म्हणून चिन्हे एकमेकांवर चढलेली, काही कडेवर अर्धीच उमटलेली दिसतात. राजाचे नाव नाही, सालही नाही.

मगध-मौर्य कार्षापण ३२ रतींचा, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅमचा. दर्शनी बाजूस पाच चिन्हे. सूर्य आणि सहा आऱ्यांचे चिन्ह बहुधा ठरलेले. बाकीची बदलती: हत्ती, बैल, ससा, मोर, कठड्यातले झाड, तीन कमानींची टेकडी व तिच्यावर चंद्रकोर. प्रत्येक चिन्हामागे एखादे दैवत शोधण्याचा मोह अभ्यासकांना फार झाला. हाती फारसे लागले नाही.

गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी अर्थ बाजूला ठेवून तराजू घेतला. तक्षशिलेच्या भीड टेकडीवरील साठ्यांतली नाणी त्यांनी वजनांच्या आधारे संख्याशास्त्राने तपासली. नाणे हातोहात फिरताना झिजते. त्याच्या मागील बाजूचे बारीक ठसे जितके जास्त, तितके सरासरी वजन कमी भरते, असे त्यांना आढळले. ते ठसे म्हणजे चलनातल्या नाण्यांची वेळोवेळी झालेली पारख, असा त्यांचा निष्कर्ष. १९२४ साली सापडलेल्या साठ्यात अलेक्झांडरची दोन नाणीही असल्याने काळालाही आधार मिळाला.

चिन्हे कोणाला वाचता येत, याचे उत्तर पाली ग्रंथ ‘विसुद्धिमग्गा’त आहे. पोराला नाण्याचा आकार दिसतो, खेडुताला त्याचा उपयोग कळतो; सराफ मात्र ते कोणत्या गावचे, कोणी घडवलेले, हेही सांगतो. या ग्रंथाचे संपादन दामोदररावांचे वडील धर्मानंद यांनी केले होते!

महाराष्ट्रात टेकडीचे चिन्ह पुढेही टिकले. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारला: एका बाजूस तीच तीन कमानींची टेकडी, पण भोवती आता राजाचे नाव.

मगध-मौर्य मालिकेची आज सर्रास वापरली जाणारी सूची परमेश्वरीलाल गुप्त आणि टेरी हार्डेकर यांची. ती १९८५ मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केली.